पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा म्हणजे दिवाळीतला बाण नव्हे

पीएसएलव्ही या उपग्रह सोडणाऱ्या इस्रोच्या चार टप्प्यांच्या यानाची १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ आणि १२ जानेवारी २०२६ रोजी पीएसएलव्ही-सी६२ अशी लागोपाठ दोन उड्डाणं फसली. दोन्ही वेळा घोटाळा तिसऱ्या टप्प्यात झाला. तेव्हापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 'तिसरा टप्पा घन इंधनाचा, म्हणजे दिवाळीतला बाणच. एकदा पेटला की वळवता येत नाही, विझवताही येत नाही, मग उपग्रह नेमक्या कक्षेत जाणार कसा? हा प्रकार मुळातच बेभरवशाचा आहे. भरलेली मोटार आतून तपासता येत नाही. जगाने हे तंत्र कधीच टाकून दिलं. तिथे द्रव इंधनाचं इंजिन बसवलं असतं तर दोन्ही उपग्रह वाचले असते.'

सुतारवाडीला घन इंधनांवर संशोधन करणारी एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आहे, पाषाणला पिनाक रॉकेट घडवणारी एआरडीई आहे आणि याच जिल्ह्यात वालचंदनगरला पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटारीची (घन इंधनाच्या इंजिनाला मोटार म्हणतात) केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, तयार होतात. अशा ठिकाणी हा मजकूर 'माहितीपूर्ण' म्हणून पुढे ढकलला जावा याचं वाईट वाटतं. त्यात एक वाक्य खरं आहे, दोन अर्धवट खरी आहेत आणि बाकीची चूक आहेत.

'वळवता येत नाही.'

हे साफ चूक आहे. पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं नोझल, म्हणजे झोत बाहेर पडायचं तोंड, एका लवचिक सीलवर बसवलेलं असतं. या सीलमध्ये रबर आणि कडक चकत्या यांचे थर एकाआड एक चिकटवलेले असतात. आतला दाब हा सील पेलतो आणि तरीही नोझल सर्व बाजूंना सुमारे २ अंश कलू देतो. वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळण्याचं काम त्यातून होतं. यानाचं स्वतःभोवती फिरणं मात्र एकाच नोझलने आवरत नाही, कारण मधोमध असलेला झोत कसाही कलवला तरी अक्षाभोवती पीळ देऊ शकत नाही. म्हणून ते काम वरच्या चौथ्या टप्प्यावरचे छोटे थ्रस्टर करतात. सी६२ नंतर इस्रोने तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस याच फिरण्यात गडबड दिसल्याचं सांगितलं. त्या बातमीवर बोलण्याआधी कोणता अक्ष कोण सांभाळतो एवढं तरी माहीत असावं.

'विझवता येत नाही, म्हणून नेमकेपणा नाही.'

पहिला अर्धा भाग खरा आहे. या टप्प्यात ७.६ टन इंधन असतं. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारा एचटीपीबी नावाचा रबरी बंधक यांचा तो घट्ट गोळा असतो. ऑक्सिजन पुरवणारं द्रव्य आतच असल्यामुळे बाहेर हवा असो वा नसो, तो जळतच राहतो. काही क्षेपणास्त्रांत पुढच्या घुमटातली झाकणं उडवून रेटा तोडण्याची सोय केलेली होती. पीएसएलव्हीत तसं काही नाही.

पण 'बंद करता येत नाही' आणि 'किती वेग मिळेल ते कळत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घन मोटार केव्हा किती जोराने जळायची हे ओतकामाच्या वेळीच ठरतं. मध्ये ठेवलेल्या साच्यामुळे इंधनात पोकळी राहते आणि त्या पोकळीच्या भिंती जळत जळत बाहेर सरकतात. कोणत्या क्षणी किती पृष्ठभाग उघडा असेल हे भूमितीवरून काढता येतं. जळण्याचा वेग दाबानुसार बदलतो आणि तो मिश्रणाच्या प्रत्येक घाण्यासाठी वेगळा मोजतात. त्याच मिश्रणातून ओतलेल्या कांड्या आणि लहान चाचणी-मोटारी जाळून तो आकडा मिळतो. ओतलेल्या इंधनाचं वजन तर थेट काट्यावरच मिळतं.

तापमानाबद्दलही गैरसमज आहे. मोटार थोडी गरम असेल तर ती अधिक दाबाने जळते आणि लवकर संपते. थंड असेल तर रेंगाळते. एकूण आवेग, म्हणजे सगळ्या जळण्यातून यानाला मिळणारा एकूण धक्का, मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण इंधन तेवढंच आहे. बदलतो तो वेळ, आणि यानावरचा संगणक तो प्रवेगमापकांवरून हिशेबात धरत असतो.

तरीही समजा, एकूण आवेगात अर्धा टक्का फरक पडला. तिसरा टप्पा यानाचा वेग साधारण सेकंदाला २ किलोमीटरहून थोडा जास्त वाढवतो, म्हणजे चूक सेकंदाला सुमारे ११ मीटरची. पृथ्वीजवळच्या कक्षेत सेकंदाला १ मीटरची चूक कक्षेच्या पलीकडच्या टोकाची उंची सुमारे साडेतीन किलोमीटरने हलवते. ११ मीटर म्हणजे ४० किलोमीटर. छायाचित्रण करणाऱ्या उपग्रहाला ही चूक परवडणारी नाही. म्हणूनच तिसऱ्या टप्प्याच्या डोक्यावर चौथा, द्रव इंधनाचा टप्पा आहे. त्यात सुमारे अडीच टन इंधन आणि दोन लहान इंजिनं असतात. पावणेदोन टनांच्या उपग्रहाला तो सेकंदाला साधारण २ किलोमीटरचा वेग देऊ शकतो, त्यामुळे ११ मीटरची भरपाई त्याच्या ताकदीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. शिवाय हवं तेव्हा तो बंद करता येतो आणि पुन्हा पेटवताही येतो.

ही जोडी मुद्दाम केलेली आहे. जोराचं काम घन टप्प्याने करायचं आणि बारीक काम द्रव टप्प्याने. युरोपच्या वेगा यानात तीन घन टप्प्यांवर चौथा द्रव टप्पा हेच करतो. आपल्या एसएसएलव्ही या छोट्या यानात तीन घन टप्प्यांच्या वर वेग जुळवणारं छोटं द्रव मॉड्यूल असतं. ७ ऑगस्ट २०२२ला एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात तिन्ही घन मोटारी नीट जळल्या. दुसरा टप्पा सुटतानाच्या कंपनांनी प्रवेगमापक गोंधळले, संगणकाने ते बिघडल्याचं धरलं, वेग जुळवणारं मॉड्यूल पेटलंच नाही आणि उपग्रह ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या कक्षेत जाऊन लगेच खाली आले. बारीक काम करणारा कारागीर कामावर आला नाही तर काय होतं, ते यात दिसतं. दोष घन इंधनाचा नव्हता.

पुणेकरांनी आणखी एक उड्डाण आठवावं. २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ने एकाच वेळी २० उपग्रह सोडले. त्यात सीओईपी या पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला साधारण एक किलोचा 'स्वयम्' होता. तो वर गेला तो याच तिसऱ्या टप्प्याच्या पाठीवरून.

'दोनदा फसला, म्हणजे मुळातच बेभरवशाचा.'

सी६१ हे पीएसएलव्हीचं ६३वं उड्डाण होतं. त्याआधीच्या ६२ उड्डाणांतली तीन अपयशं पाहा. १९९३ साली दुसरा टप्पा सुटताना तोल बिघडला आणि नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली. १९९७ साली चौथ्या, म्हणजे द्रव टप्प्यात हेलियमची गळती झाली आणि उपग्रह अपेक्षेपेक्षा खालच्या कक्षेत राहिला. २०१७ साली उष्णताकवच सुटलंच नाही. तिसऱ्या टप्प्याची मोटार या तिन्हींत दोषी नव्हती. मग लागोपाठ दोनदा याच टप्प्यात गडबड होणं गंभीर आहे का? नक्कीच आहे. पण जे तीन दशकं चाललं ते अचानक अडखळत असेल, तर तत्त्व बदललेलं नसतं. एखादा भाग, एखादी बॅच, एखादी प्रक्रिया बदललेली असते. शोध तिथे घ्यायचा असतो.

सी६१ बद्दल इस्रोने जाहीर केलं ते इतकं: मोटार नीट सुरू झाली आणि जळताना केसिंगमधला दाब घसरला. घन मोटारीचा रेटा (थ्रस्ट) बिघडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत, आणि दाब व प्रवेग यांच्या आलेखांवर प्रत्येक वाट वेगळी खूण सोडते.

पहिली वाट घशाची. नोझलच्या सर्वांत अरुंद जागेला घसा म्हणतात. ३,००० अंशांच्या आसपासचा वायू आणि त्यात वितळलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे थेंब तिथून जातात. म्हणून तिथे ग्रॅफाइटची किंवा कार्बन-कार्बनची (कार्बनच्या तंतूंनी मजबूत केलेल्या कार्बनची) कडी बसवतात. ती थोडी झिजणारच. घशाचा व्यास ५ टक्के वाढला तर क्षेत्रफळ साधारण १० टक्के वाढतं. जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असल्याने दाब त्याहून जास्त पडतो, सुमारे १४ टक्के. पण रेटा दाब आणि घशाचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरतो, म्हणून तो ५ टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. मोटार हळू जळते, जास्त वेळ जळते आणि यान बहुधा तगून जातं. अपेक्षित झीज गणितात आधीच धरलेली असते. कडी तडकून तिचा तुकडाच उडाला, तर मात्र गणित संपलं.

दुसरी वाट केसिंगला भोक पडण्याची. तेवढ्याच, म्हणजे घशाच्या १० टक्के क्षेत्रफळाच्या गळतीने दाब १४ टक्केच पडेल, पण आता मुख्य रेटाही पूर्ण १४ टक्के कमी होईल आणि वर बाजूने धक्का बसेल. हा टप्पा केव्हलर तंतूंच्या केसिंगचा आहे. तो हलका आणि मजबूत असतो, पण इतक्या उष्णतेपुढे क्षणभरही टिकत नाही. त्याला वाचवतं ते आतलं रबरी इन्सुलेशन. इन्सुलेशन आणि इंधन यांच्यामध्ये चिकटवणाऱ्या अस्तराचा थर असतो. तिथली पकड सुटली तर फटीत ज्वाला शिरते. आधी पृष्ठभाग वाढून दाब चढतो आणि मग केसिंग जळून दाब कोसळतो. पडण्याआधी दाब चढला होता का, हा प्रश्न म्हणून कळीचा.

तिसरी वाट दाबाच्या आलेखात दिसतच नाही. घशाच्या पुढचा पसरट शंकू तुटला तर आतला दाब होता तेवढाच राहतो, कारण घशातून वायू ध्वनीच्या वेगाने जातो आणि पुढे काय घडलं याची खबर मागे पोहोचत नाही. रेटा तेवढा घसरतो आणि दिशा बिघडते. म्हणजे दाबमापक आणि प्रवेगमापक शेजारी शेजारी ठेवून वाचले की संशयित निम्म्याने कमी होतात.

हे सगळं जगात घडून गेलं आहे. फेब्रुवारी १९८४मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधून सोडलेल्या वेस्टार-६ आणि पालापा-बी२ या दोन्ही उपग्रहांच्या घन मोटारींची नोझल काही सेकंदांतच निकामी झाली. दोष नोझलच्या कार्बन-कार्बनच्या भागात होता. नोव्हेंबरमध्ये शटलने जाऊन दोन्ही उपग्रह परत आणले. जुलै २०१९मध्ये वेगाच्या दुसऱ्या टप्प्याचा पुढचा घुमट उष्णतेने फाटला. २० डिसेंबर २०२२ला वेगा-सी या त्याच्या सुधारित यानाच्या दुसऱ्या टप्प्यातला दाब हळूहळू घसरत गेला. घशातली कार्बन-कार्बनची कडी अपेक्षेपेक्षा भलतीच झिजली होती. त्यांनी घन टप्पा फेकला नाही. कडीचं साहित्य बदललं, नोझल नव्याने आखून जमिनीवर पेटवून पाहिलं आणि ५ डिसेंबर २०२४ला वेगा-सीने सेंटिनेल-१सी हा उपग्रह कक्षेत पोहोचवला.

उलट बाजूचं उदाहरण नोव्हेंबर २०२०चं. वेगाच्या चौथ्या, द्रव टप्प्यात नोझल कलवणाऱ्या यंत्रणेच्या केबल उलट जोडल्या गेल्या आणि दोन उपग्रह गेले. ऑक्टोबर २०२२मध्ये जपानचं एप्सिलॉन-६ पाडावं लागलं, कारण दुसऱ्या टप्प्याच्या दिशा-नियंत्रणातलं द्रव इंधन वाटेत अडलं. त्यातली घन मोटार ठीक जळली होती. द्रव इंधन लावलं की विश्वास आपोआप येतो, ही कल्पना या दोन उड्डाणांनीच खोटी ठरवली.

'भरलेली मोटार आतून तपासता येत नाही.'

उडणारी मोटार आधी पेटवून पाहता येत नाही, एवढंच खरं. द्रव इंजिन चाचणीला पेटवून मग बसवता येतं आणि हा त्याचा मोठा फायदा आहे, तो मान्य करायला हवा. पण 'तपासता येत नाही' हे खरं नाही. भरलेल्या मोटारीचे क्ष-किरण काढतात आणि अल्ट्रासाऊंडने अस्तराची पकड बघतात. पोकळी, भेग, सुटलेला सांधा हे सगळं त्यात शोधतात. घशाच्या कडीचे तुकडे त्याच बॅचमधून कापून त्यांची घनता आणि ताकद मोजतात.

बरेचसे दोष तपासणीच्या आधीच, मिश्रणाच्या वेळी रोखावे लागतात. बंधकाला घट्ट करणारं आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि इंधनात बुडबुडे राहतात. अमोनियम परक्लोरेट तर ओल धरतंच. जुलैतल्या पुण्यात खिडकी उघडी ठेवली की मीठ कसं पाणी सोडतं ते घराघरात माहीत आहे. म्हणून मिश्रण, ओतणं आणि पकवणं ही कामं कोरड्या, नियंत्रित हवेत होतात. ओतणं निर्वात पात्रात करतात, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. मग गरम ठेवून काही दिवस पकवायचं आणि घाई न करता थंड करायचं. थंड होताना इंधन केसिंगपेक्षा जास्त आकसतं. नेमका तोच ताण अस्तरावर येतो.

जमिनीवरच्या चाचणीत एक अडचण मात्र खरी आहे. वरच्या टप्प्याचं नोझल निर्वातासाठी लांब आणि पसरट असतं. ते हवेच्या दाबात पेटवलं तर झोत भिंतीपासून सुटतो आणि नोझल हादरतं. त्यासाठी उंचावरची विरळ हवा निर्माण करणारी चाचणी-खोली लागते. श्रीहरिकोट्याला ती आहे.

'जगाने हे तंत्र टाकून दिलं.'

वेगा-सी, एप्सिलॉन, अमेरिकेची मिनोटॉर आणि पेगासस, चीनची क्वायझोऊ आणि सेरेस. यादी लांबवण्यापेक्षा एकच हिशेब पुरे. प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्सला १९ जानेवारी २००६ला शेवटचा धक्का दिला तो स्टार-४८बी या घन मोटारीने. मोटारीचं वजन साधारण २,१३७ किलो, त्यातलं इंधनच २,०१० किलो, आणि वर ४७८ किलोचं यान. म्हणजे केसिंग, नोझल, इन्सुलेशन सगळं मिळून १३० किलोच्या आत. मधल्या जोडणीचं वजन सोडलं तर हे गणित सेकंदाला सुमारे ४ किलोमीटरची भर देतं. इतक्या लहान आकारात टाक्या, पंप, झडपा आणि हेलियमचे गोळे बसवून एवढा हलका द्रव टप्पा करणं फार कठीण. २०१८ साली सूर्याकडे गेलेल्या पार्कर प्रोबलाही याच मोटारीच्या भावंडाने ढकललं. १९८४मध्ये ज्यांची नोझल निकामी झाली होती, त्यादेखील स्टार-४८ घराण्यातल्याच मोटारी होत्या.

एका कामातून मात्र घन मोटार खरंच मागे हटली. भूस्थिर कक्षेत जाताना शेवटचा धक्का देण्यासाठी ती वापरत. १९८१च्या आपल्या ॲपल उपग्रहावरची मोटार एसएलव्ही-३च्या चौथ्या टप्प्यावरूनच घेतली होती. पुढे इन्सॅटमध्ये ते काम ४४० न्यूटनच्या द्रव इंजिनाकडे गेलं, कारण तिथे धक्का हप्त्याहप्त्याने देता येतो आणि उरलेलं इंधन उपग्रहाला जागेवर ठेवायला वापरता येतं. त्या जागी ते योग्यच होतं.

'द्रव इंजिन बसवलं असतं तर.'

आता पीएसएलव्हीची जागा बघू. तिसरा टप्पा पेटतो तेव्हा यानाचा वेग कक्षेच्या वेगाच्या जेमतेम निम्मा असतो. वेगामुळे मिळणारा आधार वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे निम्म्या वेगाला तो चौथाईच असतो. म्हणजे गुरुत्वाचा तीन चतुर्थांश ओढा अजून शिल्लक आहे. तिसरा, चौथा टप्पा आणि उपग्रह मिळून १३ ते १४ टन. त्यांना नुसतं तोलून धरायलाच सुमारे ९० किलोन्यूटन लागतात. घन मोटार कमाल २४० देते. चौथ्या टप्प्याचं इंजिन साडेसात किलोन्यूटनच्या आसपास आहे, ती दोन लावून यान खालीच येईल. दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन ८०० किलोन्यूटनचं, या टप्प्यासाठी अवाढव्य. मधल्या मापाचं, साध्या तापमानाला साठवता येणाऱ्या द्रव इंधनाचं उड्डाणसिद्ध इंजिन आपल्याकडे नाही.

हायड्रोजन लावायचा? त्याचा विशिष्ट आवेग (ठरावीक वजनाच्या इंधनातून किती धक्का मिळतो त्याचं माप, सेकंदांत) ४५०च्या घरात, घन मोटारीचा २९४. म्हणून ७.६ टनांऐवजी ५ टन पुरतील. पण ते ५ टन साधारण १४ घनमीटर जागा खातात. २ मीटर व्यासात नुसत्या टाक्याच साडेचार मीटर लांब होतील, आणि इंजिन त्याखाली. आजचा अख्खा टप्पा नोझल धरून ३.६ मीटरचा आहे. त्यावर उणे २५३ अंशांचं इन्सुलेशन, उड्डाणाआधी शेवटच्या तासांत इंधन भरायची नळी, निराळा मनोरा, निराळं नियंत्रण आलं. हे टप्पा बदलणं नव्हे, नवं यान बांधणं आहे. आणि नव्या यानाची पहिली उड्डाणंच सर्वांत जास्त फसतात.

घन टप्प्यात सुधारणेला वाव कुठे आहे तेही समोर आहे. डिसेंबर २०२५मध्ये एसएसएलव्हीच्या सुधारित तिसऱ्या टप्प्याची श्रीहरिकोट्याला स्थिर चाचणी झाली. त्याचं केसिंग एकसंध कार्बन-इपॉक्सीचं आहे. वरच्या टप्प्यात वाचलेला जवळजवळ प्रत्येक किलो उपग्रहाच्या पदरात पडतो, त्यामुळे एवढ्या बदलातून त्या यानाची क्षमता ९० किलोंनी वाढते.